तीन गोळ्या एका फिंजानात

खरं बोलण्यासाठी माणसाला पगार देऊन ठेवणारा इसम मी उभ्या आयुष्यात एकच बघितला, आणि तो म्हणजे आमचे अरबाब. आखातात मालकाला अरबाब म्हणतात. कागदोपत्री मी त्यांचा ड्रायव्हर. दोह्यातल्या मुऐदर भागातल्या त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात मला एक खोली होती, एसी होता, महिन्याच्या महिन्याला पगार होता. पण गाडी हाकणं हे माझं काम नव्हेच. गाडी हाकणारे दोह्यात पैशाला पासरी मिळतात. माझं काम निराळं होतं. कलिंगड असो, ब्लँकेट असो, नाहीतर थोरल्या मुलाने आणलेली नवी मोटार असो, अरबाब ती वस्तू माझ्यापुढे करायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "कैसा है? सच बोल." मी सच बोलायचो. बहुतेक वेळा ते सच म्हणजे "बेकार आहे" एवढंच असायचं. मग ते खूष व्हायचे.

सत्तरी ओलांडलेला म्हातारा, उसाच्या कांड्यासारखा सडसडीत आणि जागोजाग गाठी. दाढीला मेंदी, अंगाला अत्तर, आणि अत्तराच्या खाली बंदुकीच्या तेलाचा वास. तरुणपणी बापाबरोबर लाकडी गलबतातून मुंबईला खेपा केलेल्या, त्यामुळे हिंदी मुंबईचं. मराठी मात्र एकच वाक्य यायचं. गोदीतल्या हमालांकडून शिकलेलं, "सरक पुढं." वर्ल्ड कपसाठी तेव्हा अख्खं दोहा उकरून ठेवलं होतं. आज गेलेला रस्ता उद्या जागेवर सापडेल याची खात्री नव्हती. पुढे सिमेंटच्या गाड्यांची रांग लागली की अरबाब काच खाली करून ओरडायचे, "सरक पुढं!" त्या ड्रायव्हरांत कोण नेपाळी, कोण पठाण, कोण बंगाली. कुणाला काय कळायचं देव जाणे, पण सरकायचे खरे.

मला त्यांनी कसं ठेवलं तेही सांगतो. त्या लोकांत एक रीत आहे. पाहुण्याने एखाद्या वस्तूची तोंडभर तारीफ केली की घरधन्याने "घे, तुझीच आहे" म्हणायचं. शहाणा पाहुणा नको म्हणतो, धनी आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, आणि वस्तू जागेवर राहते. आमच्या अरबाबांना हे अर्धवट काम मान्य नव्हतं. एकदा "घे" म्हटलं की ते घ्यायलाच लावायचे. माझ्या आधीच्या ड्रायव्हरला ही गोष्ट दुसऱ्याच आठवड्यात कळली. त्याने घड्याळाची तारीफ केली, घड्याळ मिळालं. चष्म्याची केली, चष्मा मिळाला. शेवटी तो बैठकीतल्या गालिच्याकडे बघून "माशाल्ला, माशाल्ला" करायला लागला, तेव्हा घरातल्या बायकांनीच त्याचं तिकीट काढलं. त्याच्या जागी मी गेलो. मी पंचवीस वर्षं साखर कारखान्यात लेथवर काढलेला माणूस. अरबाबांनी पहिल्याच दिवशी कमरेचा चाकू माझ्या हातात दिला. "कैसा है?" मी नखावर धार बघितली आणि म्हणालो, "लोखंड ठीक है. धार किसी गधे ने लगाया." धार त्यांनी स्वतः लावली होती. बैठकीत बसलेल्या चार माणसांनी खाली मान घातली. म्हातारा मात्र दाढी हलेपर्यंत हसला. वर्षभराने मला म्हणाले, "तू आल्यापासून माझ्या घरातून एक चमचासुद्धा गेला नाही."

त्याच पहिल्या दिवशी दुसरी फजिती झाली. तिकडची कॉफी आपल्या कॉफीसारखी नसते. पिवळट, कडू, वेलदोड्याची. ती देतात फिंजानात. फिंजान म्हणजे बिनकानाची इवलीशी वाटी, तीन घोटांत संपणारी. वाढणारा किटली घेऊन उभाच असतो आणि वाटी रिकामी झाली की परत ओततो. पुरे झालं तर वाटी मनगटात दोनदा हलवायची, की तो थांबतो. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, पानात पडलेलं टाकू नये तसंच हेही असेल. तो ओतत गेला, मी पीत गेलो. अरबाब समोर बसून गंभीर चेहऱ्याने बघत होते. अकरावी वाटी झाली तेव्हा माझे कान वाजायला लागले. मग ते उठले, माझं मनगट धरलं आणि स्वतः हलवलं. म्हणाले, "मला बघायचं होतं, तू कितीपर्यंत जातोस."

सगळं असं तपासून बघायचं. एकदा थर्मास घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, सहा तास गरम राहतं. अरबाबांनी तिथेच उकळतं पाणी भरून घेतलं, खुर्ची मागवली आणि सहा तास बसले. दुपारची नमाज जवळच्या मशिदीत करून आले, परत बसले. जेवण घरून मागवलं. त्यात दुकानदारालाही वाढलं. सहा तासांनी झाकण काढून त्यांनी आत बोट घातलं आणि जाहीर केलं, "आधा झूठ." अर्ध्या खोट्याचा थर्मास घेतला नाहीच. कुठे नवा पूल झाला की गाडी थांबवायला लावायचे, खाली उतरून कठड्यावर काठी मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. एकदा तिथल्या इंजिनिअरने विचारलं, बाबा, काय ऐकताय? म्हणाले, "जगभरातले पाहुणे येणार आहेत. पूल पाहुण्यांसमोर बोलला तर माझी अब्रू जाईल."

आता बंदुकीची गोष्ट. अरबाबांचं वर्ष थंडीच्या दिवसांत सुरू व्हायचं. बाकीचे दहा महिने ते त्या दोन महिन्यांची वाट बघायचे. मुलगे, पुतणे, तंबू, स्वयंपाकी, सगळा लवाजमा परवाने काढून बाहेरच्या देशात वाळवंटात शिकारीला जायचा, आणि अरबाब सगळ्यांच्या पुढे. पण एका वर्षी ते चार दिवस आधीच परत आले. विमानतळावरून घरी येईपर्यंत गाडीची काच खाली केली नाही. एकदासुद्धा "सरक पुढं" नाही. घरी आल्यावर जुनी बंदूक उचलून पुतण्याला देऊन टाकली. मला थोरल्याकडून कळलं ते असं. अरबाबांनी एका हरणावर गोळी झाडली, ती मागच्या तंगडीला लागली. हरिण तीन पायांवर पळालं. सकाळी लागलेलं हरिण दुपार उलटल्यावर झुडपात सापडलं, आणि तोपर्यंत ते जिवंत होतं. अरबाबांनी आपल्या हाताने त्याची सुटका केली आणि तिथेच वाळूत बसून राहिले.

पाचव्या दिवशी त्यांनी मला बैठकीत बोलावलं. हातात फिंजान होता, पुठ्ठा होता, शिसपेन्सिल होती. फिंजान पुठ्ठ्यावर पालथा घालून त्यांनी भोवती रेघ मारली. म्हणाले, "शंभर मीटरवरून तीन गोळ्या याच्या आत. अशी बंदूक मिळेपर्यंत मी जनावरावर नेम धरणार नाही. अल्लाची शपथ." थोरला तिथेच उभा होता. तो बापाला हळूच म्हणाला, "याबा, नाहीतर पुढच्या थंडीत आराम करा." अरबाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो फोन आल्यासारखं करून बाहेर गेला. मला मात्र कळलं. पुढच्या थंडीपर्यंत बंदूक सापडली तर म्हातारा वाळवंटात जाणार. नाही सापडली तर पोरं जाणार आणि हा मुऐदरच्या भिंतीत बसणार. भिंतीत बसलेला हा माणूस किती दिवस टिकला असता, मला शंका होती.

थोरल्याने लगेच एक बंदूक पुढे केली. फार भारी, परदेशी, दस्त्यावर, म्हणजे नळीखालच्या लाकडावर, वेलबुट्टी, हरणाचं चित्र. अरबाबांनी ती उलटीपालटी केली आणि परत दिली. "नक्षी गोळीला दिसत नाही," म्हणाले. त्यांचं मत पक्कं होतं. शिकारीची बंदूक साधी पाहिजे, बेताच्या किमतीची. अशी, की खडकावर घसरलो तर माणसाने आधी आपला गुडघा बघावा आणि मग बंदूक. महागाची बंदूक माणसाला घाबरट करते, असं म्हणायचे. आणि बोल्टचीच पाहिजे. म्हणजे हाताने खिट्टी मागे ओढायची, काडतूस बसवायचं, खिट्टी पुढे दाबायची, मग एक गोळी. धडाधड सुटणारी नको. "एका गोळीनंतर माणसाला विचार करायला वेळ मिळतो," हे त्यांचं म्हणणं.

शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथला विकणारा टाय लावलेला, मल्याळी, फार गोड बोलायचा. "बाबा, ये नंबर वन है." दुसरी काढली तरी "बाबा, ये भी नंबर वन है." अरबाबांनी विचारलं, "तुझ्याकडे नंबर टू कधी येणार?" ते डोळे मिटून बंदुकीची खिट्टी पन्नास वेळा मागेपुढे करायचे. कुठे खरखर लागली की बाद. मग खिशातून एक रियालची नोट काढायचे आणि नळी आणि दस्ता यांच्या फटीतून सरकवायचे. नोट अडकली तर नळी दस्त्याला टेकते, आणि टेकणारी नळी तापली की गोळी बाजूला फेकते. शेवटी बंदूक माझ्याकडे यायची. मी नळीच्या तोंडाच्या कडेवर नख फिरवायचो. लेथवर आयुष्य गेलेल्याच्या नखाला केसाएवढा खडबडीतपणा कळतो. मी "बेकार" म्हटलं की तो विकणारा टाय सैल करायचा. पुढे पुढे आमची गाडी दिसली की तो जेवायला निघून जायचा, सकाळी दहा वाजतासुद्धा.

त्यातूनही दुकानात पास झालेली बंदूक, दुकानदाराशी जुनी ओळख म्हणून, नेमबाजीच्या मैदानावर नेऊन मारून बघायला मिळायची. मैदान शहराबाहेर उत्तरेला, समैस्माच्या वाटेवर. तिथे एक इजिप्तचा उस्ताद होता, पोट सुटलेला, पण हात दगडासारखा. अरबाबांची तिथली तऱ्हाही वेगळी. एक गोळी मारली की बंदूक खाली ठेवायची आणि नळी पूर्ण गार होईपर्यंत थांबायचं. शिकारीत पहिली गोळी गार नळीतूनच सुटते, तेव्हा परीक्षाही गार नळीचीच, असा हिशेब. दर वेळी हाताची मागची बाजू नळीला लावून बघायचे, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी. तीन गोळ्यांना आमची अख्खी दुपार जायची. उस्ताद तोवर एक झोप काढायचा.

पहिल्या बंदुकीच्या तीन गोळ्या ज्वारी फेकल्यासारख्या पसरल्या. नीट बघितलं तर उन्हाने दस्ता वाकून नळीला टेकला होता. बाद. दुसरीच्याही पसरल्या. मी बंदुकीवरची दुर्बीण हलवून बघितली, तर तिच्या बुडाचा स्क्रू ढिला. तो आवळला, परत मारल्या, परत पसरल्या. "नळीच वाईट," अरबाब म्हणाले. मीही मान डोलावली. कड मला बरी वाटली होती, पण कडेवरून काय सगळं कळतं?

शुक्रवारी सुट्टीला मी बिरकत अल अवामेरला जायचो. तिथल्या कामगारांच्या वस्तीत आमच्या करमाळ्याकडची आठ-दहा पोरं होती, स्टेडियमवर वेल्डिंग करणारी. मटणाचा रस्सा आणि भाकरी मिळायची, आणि थट्टा व्हायची ती वेगळी. "काय मामा, ह्या आठवड्यात किती बंदुका नापास?" मी दोन म्हटलं की एक जण म्हणाला, "मामा, एक इचारू का? राग नगा मानू. बंदुका दोन, गोळ्या पसरत्यात सारख्याच. तुमच्या शेटचं नाचता येईना अंगण वाकडं, असं न्हवं ना?" सगळे हसले. मी भाकरी तशीच ठेवून उठलो. राग आला होता, पण तो त्या पोराचा नव्हता. ते माझ्या आधी त्याच्या ध्यानात आलं, याचा होता.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमची मंडळी गेली. पोटाचं दुखणं होतं. तालुक्याच्या डॉक्टरने मुलाला बाहेर घेऊन सांगितलं, मुलाने मला फोनवर सांगितलं. संध्याकाळी ती फोनवर आली. म्हणाली, "अवो, म्या बरी व्हईन का? तुमी खरं सांगताल." मी म्हणालो, "न्हाई. डॉक्टर न्हाई म्हनतोय." ती "बरं" म्हणाली आणि फोन सुनेकडे दिला. त्यानंतर आठ दिवस रोज बोलणं झालं, पण जेवलात का, एवढंच विचारायची. स्वतःचं काही विचारलं नाही. नवव्या दिवशी गेली. खरं बोलायचा मला इकडे पगार मिळत होता. घरी मी ते फुकट बोललो.

बातमी आली तेव्हा अरबाब स्वतः तिकीट घेऊन खोलीवर आले. म्हणाले, आज तू मागे बस. आणि स्वतः गाडी चालवत मला विमानतळावर सोडलं. वाटेत रस्त्याच्या कामावरचे तीन नारंगी डबे उडवले. चौथा वाचला तो त्याच्या नशिबाने. म्हाताऱ्याची नजरच गेली आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण त्या दिवशी मला काहीच कळत नव्हतं.

महिन्याने परत आलो, तो तिसरी बंदूक तयार होती. काळा प्लॅस्टिकचा दस्ता, दुकानातली सगळ्यात स्वस्त. विकणाऱ्यानेसुद्धा तिला नंबर वन म्हटलं नव्हतं. खिट्टी लोण्यासारखी. नोट आरपार गेली. कडेवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. थंडीला महिना उरला होता आणि पोरांची बांधाबांध सुरू झाली होती. मैदानाकडे जाताना अरबाब एवढंच म्हणाले, "ही शेवटची. ही नाही तर यंदा नाही." यंदा नाही म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. या वयात पुढच्या वर्षाचा वायदा कोण करतो?

तीन गोळ्या मारल्या, प्रत्येक गार नळीने. पुठ्ठा आणला. एक डावीकडे, एक खाली, एक पुठ्ठ्याच्या अगदी कडेला. फिंजान सोडा, त्या तिन्हींवर परात पालथी घालावी लागली असती.  अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, बांग झाली होती, अरबाब नमाजाला गेले. मी उस्तादाकडे गेलो. म्हणालो, "उस्ताद, तीन गोळ्या तू मार." पुठ्ठ्यावरची रेघ एका कागदावर उतरवून मी तो लावला, त्याने वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवली, सावकाश श्वास सोडला आणि मारल्या. कागद आणला. तिन्ही भोकं एकमेकांना खेटून, रेघेच्या पुष्कळ आत. उस्तादाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो खांदे उडवून चहा प्यायला गेला. मी कागदाची घडी करून खिशात घातली, तेवढ्यात अरबाब वहाणा सरकवत आले. बंदुकीपाशी उभे राहिले, मान तिरकी केली.

"कैसा है? सच बोल."

मी म्हणालो, "खराब है, अरबाब. नली टेढ़ी है."

नऊ वर्षांत त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं. त्यांनी सवयीने हाताची मागची बाजू नळीला लावली. लावली आणि तशीच राहू दिली. नळी गरम होती. त्यांची शेवटची गोळी सुटून केव्हाच नळी गार झाली होती, हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "यल्ला," म्हणाले, "घर."

बैठकीत कुणी नव्हतं. ते आपल्या जागेवर बसले आणि हात पुढे केला. "कागज दे." मी दिला. त्यांनी घडी उलगडली, गुडघ्यावर पसरली, फिंजान घेतला आणि तीन भोकांवर पालथा घातला. तिन्ही झाकली गेली. परत उचलला, परत घातला. थर्मासपाशी बसले होते तसे बसून राहिले. मग फिंजान सुलटा करून माझ्यापुढे धरला. मी किटलीतून कॉफी ओतली. रोज तीन घ्यायचे. त्या दिवशी एक घेतली आणि मनगटात दोनदा हलवली.

"खलास," म्हणाले.

मी किटली खाली ठेवली. ते म्हणाले, "नौ साल में एक झूठ बोला. वो भी ठीक से बोलना नहीं आया." आवाजात राग नव्हता. "क्यों बोला?"

मी मंडळीचं सांगितलं. तिने काय विचारलं, मी काय म्हणालो, आणि ती "बरं" म्हणाली ते. एवढंच, जास्त नाही. ऐकून त्यांनी मला खाली बसायला सांगितलं, किटली स्वतः उचलली, स्वच्छ फिंजान माझ्या हातात दिला आणि ओतला. मालकाने ड्रायव्हरला ओतायचं नसतं. मी प्यायलो. त्यांनी परत ओतला. वाटी हलवायची असते हे मला एव्हाना चांगलं माहीत होतं, पण मी हलवली नाही. ते ओतत राहिले, मी पीत राहिलो. किती झाल्या ते मोजलं नाही. या खेपेला त्यांनी माझं मनगट धरलं नाही.

ती काळी बंदूक त्यांनी दुसऱ्या दिवशी विकत घेतली आणि थोरल्याच्या हातात दिली. अट एकच. दर वर्षी निघण्याआधी तीन गोळ्या फिंजानात, नाहीतर घरी बसायचं. थोरल्याच्या पहिल्या खेपेच्या गोळ्या इतक्या पसरल्या की अरबाबांचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदाच खुलला. दोन शुक्रवार घालवून त्याने कसंबसं जमवलं. तो म्हणाला, "याबा, आणि तुम्ही?" हे म्हणाले, "मी कॉफी करीन. माझ्यासारखी कुणाला येते?" ते खरं नव्हतं. त्यांची कॉफी वाईट व्हायची, मी ते तोंडावर सांगितलेलं होतं. पण गेले. तिकडे तंबूपुढे बसून सगळ्यांच्या बंदुका तपासायचे, नोट सरकवायचे, नाक मुरडायचे. ज्याची बंदूक पास झाली नाही, तो त्या दिवशी लाकडं आणायला जायचा. शपथ त्यांनी मोडली नाही. बंदूक खांद्याला लावलेलं मी त्यांना परत बघितलं नाही.

वर्ल्ड कप तोंडावर आला तेव्हा माझे गुडघे कामातून गेले होते. रस्ते शेवटी जागेवर बसले होते, पूल बोलले नव्हते. सगळं जग तिकडे यायला निघालं होतं आणि मी निघालो होतो गावाला. शेवटच्या दिवशी अरबाबांनी विचारलं, इथलं काय नेणार? मी म्हणालो, काही नको. समोर कट्ट्यावर तो फिंजान होता. दर वर्षी रेघ मारून त्याच्या काठाला शिसपेन्सिलीची काळी कडा बसली होती, धुऊन जात नव्हती. मी तो उचलला, काठावरून नख फिरवलं आणि म्हणालो, "अच्छा है."

म्हातारा बघतच राहिला. एवढ्या वर्षांत मी त्या घरातल्या एका वस्तूला चांगलं म्हटलेलं नव्हतं. मग त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, "ले. तेरा है." रीतीप्रमाणे मी नको म्हणायला पाहिजे होतं, निदान दोनदा. मी खिशात घातला. विमानतळावर दारापाशी माझे पाय जरा घोटाळले. तेव्हा मागून आवाज आला, "सरक पुढं." मी सरकलो.

आता सकाळी चूल मीच पेटवतो आणि त्या फिंजानात चहा घेतो. सून म्हणते, एवढ्याशा वाटीत काय पिता, कप घ्या की. तीन घोटांत संपतो हे खरं आहे. संपला की हलवायचा असतो, म्हणजे ओतणाऱ्याला कळतं, पुरे. मी हलवत नाही. तसाच खाली ठेवतो.